लेखकत्वाची गणना आणि ‘कर्ता’ ही संज्ञा
(मुंबईच्या भूगोल-संस्थेच्या ‘ट्रॅन्झॅक्शन्स’च्या निमित्ताने)

१

एखाद्या विद्याशाखेच्या वाढीचा इतिहास तिच्या नियतकालिकांच्या अनुक्रमणिकांवरून वाचता येतो, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. कोणी लिहिले, किती वेळा लिहिले, एकट्याने लिहिले की जोडीने, कोणत्या गावातून लिहिले, या प्रश्नांची उत्तरे कोष्टकांत मांडावयाची आणि त्यांवरून त्या शास्त्राच्या प्रगतीविषयी निष्कर्ष काढावयाचे, अशी ही पद्धती होय. तिचा पाया १९२६ मध्ये आल्फ्रेड लोटका या गणितज्ञाने घातला. एकच लेख लिहिणाऱ्यांची संख्या शंभर धरली, तर दोन लेख लिहिणारे सुमारे पंचवीस आणि तीन लिहिणारे सुमारे अकरा आढळतात, असे त्याने रसायन व पदार्थविज्ञान यांतील लेखकसूचींवरून दाखविले. पुढे १९६३ मध्ये डेरेक डी सोला प्राइस याने रसायनशास्त्रातील आकड्यांच्या आधारे असे भाकीत केले की, एकट्या लेखकाचा लेख १९८० पर्यंत नामशेष होईल. ते भाकीत खरे ठरले नाही. परंतु ‘सहयोग वाढला म्हणजे शास्त्र प्रौढ झाले’ हे त्यामागील गृहीतक मात्र टिकून राहिले. १९८३ मध्ये के. सुब्रमण्यम् यांनी सांगितलेले ‘सहयोगाचे प्रमाण’, म्हणजे एकूण लेखांशी संयुक्त लेखांचे असलेले गुणोत्तर, हे तर आज अशा प्रत्येक पाहणीचे नित्याचे साधन बनले आहे.

भारतातील प्रादेशिक भूगोल-नियतकालिकांनाही ही पद्धती लावली जाते. तिच्या उपयुक्ततेविषयी वाद नाही. परंतु तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, आणि ती तपासून घेणे अवश्य आहे. ते गृहीत असे की, लेखाच्या शिरोभागी छापलेले नाव सर्व काळी एकाच गोष्टीचे द्योतक असते. वस्तुतः मोजणी अंकांची होत असली, तरी जे मोजले जाते ते अंक नव्हेत, ते शब्द होत. नाव हा शब्द आहे. त्याच्या मागे-पुढे येणारे ‘कृत’, ‘संकलित’, ‘द्वारा प्रेषित’ हेही शब्द आहेत. शब्दांचा अर्थ कालानुसार पालटतो, हे भाषाशास्त्रातील प्राथमिक सत्य आहे. तेव्हा लेखकगणनेच्या कोष्टकाकडे प्रथम भाषेचा पुरावा म्हणून पाहावयास हवे.

२

या दृष्टीने मुंबईच्या भूगोल-संस्थेचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. लंडनची रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी १८३० मध्ये स्थापन झाली आणि त्यानंतर लवकरच तिची शाखा म्हणून मुंबईत ही संस्था उभी राहिली. हिंदी आरमाराचे प्रमुख सर चार्ल्स माल्कम हे तिचे पहिले अध्यक्ष. तिचे ‘ट्रॅन्झॅक्शन्स’ १८३६ पासूनच्या कार्यवृत्तान्तापासून सुरू होतात आणि १८७३ मध्ये संस्था रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत विलीन झाली तेव्हा संपतात. भारतातील प्रादेशिक भूगोल-नियतकालिकांचा आरंभ शोधू जाता, येथवर यावेच लागते.

या खंडांतील लेखक प्रामुख्याने आरमारातील व लष्करातील अधिकारी, डॉक्टर आणि राजकीय प्रतिनिधी होते. त्यांच्या नावामागे हुद्दा आणि नावापुढे सेवेची आद्याक्षरे छापलेली असत. हा केवळ शिष्टाचार नव्हता. हुद्दा हाच लेखाच्या विश्वसनीयतेचा आधार होता; कारण लेखाचे साहित्य सरकारी कामगिरीतून मिळालेले असे. १८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली आणि बाष्पनौकांच्या मार्गासाठी तांबड्या समुद्राची मोजणी निकडीची झाली. १८२९ ते १८३४ या काळात ‘पॅलिन्युरस’ व ‘बेनारेस’ या जहाजांनी ती मोजणी पार पाडली. तीतून निघालेले अधिकारी पुढे अरबस्तान, सोमाली किनारा, मालदीव बेटे यांविषयी लिहू लागले. म्हणजे हे लेखक विषयामुळे एकत्र आले नव्हते; एका खात्यामुळे एकत्र आले होते. ते खाते, म्हणजे हिंदी आरमार, १८६३ मध्ये मोडीत निघाले. सागरी मोजणीचे स्वतंत्र खाते पुन्हा स्थापन झाले ते १८७४ मध्ये, आणि तेही कलकत्त्यास. मधल्या दशकात मुंबईच्या ‘ट्रॅन्झॅक्शन्स’ची अखेर झाली. लेखकसंख्या रोडावली असे कोष्टक सांगेल. परंतु लेखक का रोडावले याचे निदान एक कारण आरमाराच्या इतिहासात आहे, हे कोष्टकातून कळणार नाही.

३

आता संयुक्त लेखकत्वाचे एक उदाहरण पाहू. सहयोग ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वाढ होय, असा समज रूढ आहे. परंतु ‘ट्रॅन्झॅक्शन्स’च्या पहिल्याच खंडात यंग आणि ख्रिस्तोफर या दोन लेफ्टनंटांच्या जोडनावाने मालदीव बेटांतील रहिवाशांविषयी एक विस्तृत वृत्तान्त आला आहे. कॅप्टन मोर्सबी याच्या हाताखाली मालदीवची मोजणी चालू असता हे दोघे तेथील भाषा व चालीरीती जाणून घेण्यासाठी माले येथे मागे राहिले होते. सहयोगाच्या गुणोत्तरात हा लेख आजच्या कोणत्याही द्विलेखकी लेखाइतकाच भरेल. तथापि येथील ‘व’ हे उभयान्वयी अव्यय दोन समान हुद्द्यांच्या, एकाच ठिकाणी राहिलेल्या आणि एकच काम वाटून घेतलेल्या माणसांना जोडते. मार्गदर्शक व विद्यार्थी यांना जोडणारे ‘व’ निराळे. खातेप्रमुख व साहाय्यक यांना जोडणारे त्याहून निराळे. अव्यय एकच, पण संबंध तीन.

याच ख्रिस्तोफरने मालदीवच्या भाषेचा एक शब्दसंग्रह केला. तो लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. ही भाषा सिंहलीला जवळची आणि आर्यभारतीय कुळातील, म्हणजे मराठीची दूरची आप्त होय. तेव्हा या संग्रहाचे मोल भूगोलापेक्षा भाषाशास्त्राला अधिक आहे. पण लेखकत्वाच्या दृष्टीने त्याचे शीर्षक पाहण्यासारखे आहे. ख्रिस्तोफर तेथे ‘लेखक’ नाही, ‘संकलक’ आहे. आणि लेख सोसायटीकडे ‘प्रेषित’ करणारे म्हणून मुंबईचे डॉ. जॉन विल्सन यांचे नाव आहे. एका वृत्तान्तात दोन कर्ते, दुसऱ्यात एक संकलक व एक प्रेषक. आजची गणना या दोहोंतही ‘दोन नावे’ एवढेच पाहील. आणि ज्यांच्या तोंडचे ते शब्द आहेत, ते मालेचे रहिवासी दोन्हींतही गणनेबाहेर राहतील.

सोमाली किनाऱ्यावरील जमातींविषयी क्रटेंडेन या आरमारी अधिकाऱ्याने लिहिलेला वृत्तान्तही असाच विचारार्ह आहे. तो १८४८–४९ च्या सुमारास मुंबईच्या ‘ट्रॅन्झॅक्शन्स’मध्ये आणि लंडनच्या भूगोल-नियतकालिकातही छापला गेला. एकच लेख दोन ठिकाणी आल्याने तो दोन्ही नियतकालिकांच्या गणनेत एकेकदा भरतो, ही एक अडचण. दुसरी अधिक गंभीर आहे. वेबी शेबेली नदीच्या काठच्या लोकांविषयीचा भाग लेखकाने स्वतः पाहून लिहिलेला नसून ऐकीव माहितीवर रचलेला आहे. तेथे लेखक एक असला, तरी ज्ञाते अनेक आहेत. ‘एकलेखकी लेख’ ही संज्ञा तेथे मुखपृष्ठापुरती खरी, आतल्या पानांना लागू न पडणारी ठरते.

या प्रवृत्तीचे टोक लंडनच्या नियतकालिकाच्या १८६८ च्या खंडात दिसते. नेपाळमधून ल्हासाला जाऊन ब्रह्मपुत्रेच्या वरच्या खोऱ्याची मोजणी करून आलेल्या प्रवासाचा तो वृत्तान्त आहे. लेखक म्हणून कॅप्टन माँटगोमेरी यांचे नाव आहे. आणि ज्याने जपमाळेच्या मण्यांवर पावले मोजीत तो सारा मार्ग तुडविला, त्याच्यासाठी शीर्षकात ‘पंडित’ एवढाच शब्द असून पुढे नावाची जागा रिकामी आहे. नाव गुप्त ठेवण्याचे कारण खरे होते. तिबेटात ओळख पटणे प्राणावर बेतले असते. पुढे १८७७ मध्ये त्याच संस्थेने नैनसिंह रावत यांना सुवर्णपदक देऊन ते नाव जगापुढे आणले. पण लेखकसूचीत ती रिकामी जागा रिकामीच राहिली. पदक मिळाले, लेखकत्व मिळाले नाही. आणि गणना पदके मोजीत नाही, लेखकत्व मोजते.

४

येथे व्याकरणाचा आधार घेणे उपयुक्त ठरेल. संस्कृत वैयाकरणांनी कर्त्याची कल्पना स्वातंत्र्यावर उभारली आहे. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता. त्याच्याच जोडीला पाणिनीने दुसऱ्याकडून क्रिया करवून घेणाऱ्यालाही कर्त्याचे पद दिले, मात्र त्यास ‘हेतु’ हे वेगळे नावही दिले. मराठीत हा भेद प्रयोजक क्रियापदांनी जिवंत ठेवला आहे. ‘मोजले’ आणि ‘मोजविले’, ‘लिहिले’ आणि ‘लिहविले’ यांतील फरक मराठी बोलणाऱ्या मुलासही समजतो. इंग्रजी शीर्षकातील ‘बाय’ हे शब्दयोगी मात्र दोन्ही अर्थ गिळून टाकते. माँटगोमेरी यांनी मार्ग मोजविला. नैनसिंहांनी तो मोजला. ‘ट्रॅन्झॅक्शन्स’च्या काळातील अनेक वृत्तान्तांतून प्रयोजक कर्ताच तेवढा नावाने उरतो आणि प्रत्यक्ष कर्ता कर्मणी वाक्यरचनेत विरून जातो. ‘असे सांगण्यात येते’, ‘असे कळते’ या वाक्यांत सांगणारा कोण, याला व्याकरणात जागाच उरत नाही.

मराठीला आपली स्वतःची अडचणही आहे. ‘लेखक’ हे पुल्लिंगी नाम एकवचनी व अनेकवचनी सारखेच राहते. तृतीया विभक्तीत ‘लेखकांनी’ म्हटले की ते अनेकवचन आहे की आदरार्थी एकवचन, हे कळत नाही. आणि ‘लेख लिहिला आहे’ या कर्मणी रचनेत क्रियापद कर्माशी जुळत असल्याने तेही साहाय्य करीत नाही. उलट ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद, जो इंग्रजीस नाही, तो मराठीत स्पष्ट आहे: ऐकणाऱ्यास वगळणारे अनेकवचन एक, सामावून घेणारे दुसरे. शिवाय एकट्याने लिहिताना ‘आम्ही’ म्हणण्याचा प्रघात मराठी वृत्तपत्रांच्या अग्रलेखांनी दृढ केला. तेव्हा मराठी लेखातील सर्वनामांवरून सहयोगाचा तर्क करू जाणे धोक्याचे आहे.

नावाच्या रचनेचा प्रश्न याहून व्यावहारिक आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव आणि आडनाव अशी त्रिपदी मराठी पद्धत असून संशोधन-नियतकालिकांत पहिली दोन पदे बहुधा आद्याक्षरांत संक्षेपिली जातात. परिणाम असा होतो की, लेखक पुरुष आहे की स्त्री हे कोष्टककर्त्यास कळत नाही. आणि विवाहानंतर ज्या लेखिकेचे मधले व शेवटचे पद बदलते, ती गणनेत दोन व्यक्ती होऊन बसते. लोटकाच्या नियमात एकच लेख लिहिणाऱ्यांचा गट सर्वांत मोठा असतो, हे खरे. परंतु त्या गटात अशा दुभंगलेल्या लेखिका किती, हे तपासल्यावाचून ‘स्त्रिया एखादा लेख लिहून थांबतात’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

५

नियतकालिकाची सीमा हीही गणनेची सीमा ठरते, आणि तीही भ्रामक असू शकते. ‘ट्रॅन्झॅक्शन्स’मधील युरोपीय अधिकाऱ्यांची नावे पाहून पश्चिम भारतातील विद्वानांना प्रादेशिक भूगोलात रस नव्हता, असे अनुमान निघेल. परंतु मुंबईतच, एशियाटिक सोसायटीच्या शाखेच्या नियतकालिकाच्या आठव्या खंडात, रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी दक्षिण कोकणातील मुरूड गावाच्या वसाहतीविषयी एका जुन्या कागदाच्या आधारे सविस्तर निबंध लिहिला. १८६५ च्या सुमाराचा हा निबंध आजच्या परिभाषेत वसाहत-भूगोलाचाच आहे. पण तो ‘भूगोल’ या नावाच्या नियतकालिकात आला नाही, म्हणून भूगोलाच्या लेखकगणनेत तो दिसत नाही. लेखकाच्या स्वतःच्या गावाविषयी, तेथल्याच कागदावरून, स्वतःच्या नावाने लिहिलेला हा निबंध खरे पाहता त्या काळातील लेखकत्वाच्या दुसऱ्या परंपरेचा आरंभ म्हणावा लागेल. त्या परंपरेत माहिती देणारा व लिहिणारा यांमधील अंतर कमी झाले होते.

विसाव्या शतकात भूगोल-नियतकालिकांचा लेखक पालटला. १९२६ मध्ये मद्रासला स्थापन झालेली भूगोल-संघटना व तिचे नियतकालिक यांच्यामागे अध्यापक होते. अधिकाऱ्याच्या हुद्द्याची जागा शिक्षणसंस्थेच्या नावाने घेतली. १९५५ मध्ये वाराणसीहून आणि १९६२ मध्ये दख्खनमधून नवी नियतकालिके निघाली, तेव्हा विद्यापीठीय विभाग हे लेखकांचे मुख्य उगमस्थान बनले. त्या काळच्या विभागांतून एकट्याने क्षेत्रपाहणी करून एकट्यानेच लिहिण्याची रीत होती. प्रदेशाचे वर्णन हे एका नजरेचे फळ मानले जाई. ती रीत मागासलेपणाची खूण नव्हती. ती त्या लेखनप्रकाराचीच मागणी होती.

६

गेल्या दीड दशकात मात्र नावाच्या अर्थात तिसरे परिवर्तन घडले, आणि त्याचे कारण शास्त्रात नसून नियमांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने लेखाच्या गुणांपैकी ६० टक्के प्रथम अथवा मुख्य लेखक आणि पत्रव्यवहार करणारा लेखक अथवा मार्गदर्शक यांत, व ४० टक्के उरलेल्या लेखकांत वाटून दिले. २०१८ च्या नियमावलीने दोन लेखक असता प्रत्येकास ७० टक्के, आणि अधिक असता मुख्य लेखकास ७० व इतरांस प्रत्येकी ३० टक्के असा हिशेब ठरविला. या हिशेबाचा परिणाम साध्या अंकगणिताने कळतो. दोन अध्यापकांनी एकेक लेख स्वतंत्रपणे लिहिला, तर प्रत्येकाच्या पदरी शंभर पडतात. त्याच दोघांनी एकमेकांच्या लेखावर आपापले नाव घातले, तर प्रत्येकास १४० मिळतात. लेखन तेवढेच, क्षेत्रपाहणी तेवढीच. वाढली ती फक्त नावे. आणि सहयोगाचे प्रमाण शून्यावरून एकावर गेले.

यात भर पडली ती पीएच. डी.च्या नियमांची. २००९ आणि २०१६ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. २०२२ च्या नियमांनी ते बंधन काढले. तसेच २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘केअर’ सूचीत असणे-नसणे हे प्रादेशिक नियतकालिकांच्या जीवनमरणाचा प्रश्न झाले. ती सूचीही २०२५ मध्ये रद्द करण्यात आली. या वर्षांच्या आसपास एखाद्या प्रादेशिक भूगोल-नियतकालिकातील संयुक्त लेखांचा आलेख चढला वा उतरला, तर तो भूगोलाच्या पद्धतीत झालेला पालट आहे की नियमपुस्तकातील, हे सांगण्याची जबाबदारी कोष्टककर्त्यावर येते. ती पार न पाडता ‘शास्त्र सहयोगाकडे वाटचाल करीत आहे’ असे विधान करणे म्हणजे तापमापकातील पारा पाहून ऋतू बदलला असे म्हणण्यासारखे होय. कदाचित तापमापक चुलीजवळ ठेवलेला असेल.

यावर असा आक्षेप येईल की, दूरसंवेदन, भौगोलिक माहिती-प्रणाली आणि मोठ्या सांख्यिकीय पाहण्या यांमुळे आजचा भूगोल एकट्याचा राहिलेला नाही. हा आक्षेप खरा आहे. उपग्रहचित्रांचा अर्थ लावणारा, क्षेत्रात जाऊन पडताळणी करणारा आणि निष्कर्ष लिहिणारा ही तीन माणसे असू शकतात, आणि तिघांचीही नावे यावीत हे योग्यच. परंतु हाच आक्षेप गणनेच्या विरुद्ध जातो. खरा सहयोग आणि अंकगणिती सहयोग हे दोन्ही कोष्टकात एकाच स्तंभात पडत असतील, तर तो स्तंभ खऱ्या सहयोगाचे मोल कमी करतो. शिवाय ज्या खेडुतांनी विहिरींची खोली सांगितली, शिवाराची जुनी नावे सांगितली, ओढ्याची पूर्वीची वाट दाखविली, ते १८४८ प्रमाणे आजही ‘स्थानिक लोकांच्या मते’ या तीन शब्दांत मावतात. लेखांवरील नावे वाढली. नावांवाचून राहिलेले तसेच राहिले.

७

यावरून लेखकगणना टाकून द्यावी असा अर्थ नव्हे. ती अधिक काटेकोर व्हावी, एवढाच या विवेचनाचा आशय आहे. प्रथमतः, कोष्टकात नावांबरोबर त्यांना जोडलेला शब्दही नोंदला जावा: कृत, संकलित, अनुवादित, प्रेषित. दुसरे, आभारप्रदर्शन आणि लेखाच्या अंगातील माहिती देणाऱ्यांचे उल्लेख यांची स्वतंत्र सूची व्हावी. प्रयोजक कर्त्याच्या आड गेलेला प्रत्यक्ष कर्ता तेथेच सापडतो. तिसरे, मराठी नियतकालिकांनी लेखकाचे व लेखिकेचे नाव आद्याक्षरांत न संक्षेपता पूर्ण छापावे, आणि नाव बदललेले असल्यास पूर्वीचे नाव देण्याची मुभा ठेवावी. चौथे, २०१४ मध्ये पुढे आलेल्या ‘क्रेडिट’ या वर्गीकरणात संशोधनातील सहभागाचे चौदा प्रकार सांगितले आहेत. त्यांचे अंधानुकरण न करता प्रत्येक लेखकाने नेमके काय केले, हे एका वाक्यात सांगण्याची रीत पाडावी. मराठीला त्यासाठी परकी परिभाषा उसनी आणण्याची गरज नाही. पाहिले, मोजले, मोजविले, लिहिले, तपासले ही क्रियापदे पुरेशी आहेत, आणि त्यांत लपविण्यास फारशी जागा नाही.

मुंबईच्या भूगोल-संस्थेचे खंड आज मुख्यतः जुन्या ग्रंथालयांत वाचले जातात. त्यांतील भूगोल कालबाह्य झाला असेल. किनाऱ्यांचे नकाशे पुन्हापुन्हा नव्याने काढले गेले आहेत. परंतु ज्ञान कोणाच्या नावावर जमा व्हावे, हा त्या खंडांनी न कळत उपस्थित केलेला प्रश्न जुना झालेला नाही. नेमणुका, बढत्या आणि पदव्या जोवर नावांच्या मोजणीवर ठरत आहेत, तोवर नावाचा अर्थ काय याचा निर्णय हा केवळ सूचीकाराचा विषय राहत नाही. तो न्यायाचा विषय होतो. त्या न्यायासाठी प्रत्येक मोजणाऱ्याने अनुक्रमणिका मिटून एकदा तरी लेख उघडून वाचला पाहिजे.